शेवटच्या स्टेजचा आजार: ॲलोपॅथी की नैसर्गिक उपचार, कसं ठरवायचं? (सोलापूरकरांसाठी)

कॅन्सरचा रिपोर्ट घरी आला की दोन गोष्टी एकदमच होतात. डॉक्टर केमोची तारीख देतात, आणि अक्कलकोटच्या आत्यापासून पुण्याच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांचे फोन सुरू होतात की केमो अजिबात देऊ नका, आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, त्यांच्या औषधाने असाच एक पेशंट उठून बसला. आमच्या आप्पांच्या (वडील) वेळी हे सगळं झालं. फुफ्फुसाचा कॅन्सर, सापडला तेव्हाच लिव्हरपर्यंत गेलेला. त्यातनं जाताना जे जे कळलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल. मी डॉक्टर नाही, चादरीच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे डोस वगैरे इथं शोधू नका.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "ॲलोपॅथी का नैसर्गिक" हा प्रश्न पहिला घ्यायचाच नाही. पहिला प्रश्न असा की या उपचारातनं आपल्याला मिळवायचंय काय? पूर्ण बरं होणं, का काही महिने जास्त मिळणं, का आहेत ते दिवस त्रास कमी होऊन जाणं? हे एकदा ठरलं की केमो असो नाहीतर काढा, दोघांना तेच प्रश्न विचारता येतात.

१. आधी आजार नेमका काय आहे ते कागदावर घ्या

"पसरलाय", "गाठ आहे", "लास्ट स्टेज आहे" असल्या तोंडी बोलण्यावर काहीही ठरवू नका. बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पाहिजे. त्यात कॅन्सरचा प्रकार लिहिलेला असतो आणि सगळा खेळ त्या प्रकारावर असतो.

कारण चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं असं प्रत्येक कॅन्सरमध्ये नसतं. काही प्रकारचे लिम्फोमा (लसिका ग्रंथींचे कॅन्सर), वृषणाचे जर्म सेल ट्यूमर हे चौथ्या स्टेजलाही बरे होऊ शकतात. फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा नावाच्या प्रकारात ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल सापडले तर केमोऐवजी रोजच्या गोळीवर चांगला काळ काढता येतो, आणि जेफिटिनिबसारखी गोळी आपल्याकडे जेनेरिकमध्ये मिळते. पण त्यासाठी बायोप्सीच्या तुकड्यावर ती वेगळी टेस्ट करायला लागते. ती केलीय का, हे स्वतःहून विचारा. उलट स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलेला असेल तर चित्र फारच वेगळं असतं. त्यामुळे शेजारच्या काकूंचं काय झालं यावरून आपल्या माणसाचं गणित मांडू नका, त्यांचा कॅन्सर वेगळा, तुमचा वेगळा.

२. एक फाईल बनवा

ही फाईल नसली की प्रत्येक ठिकाणी तेच टेस्ट परत करायला सांगतात आणि पैसे जातात. फाईलमध्ये एवढं ठेवा:

- बायोप्सी (हिस्टोपॅथॉलॉजी) रिपोर्ट, आयएचसी (त्याच तुकड्यावरची, कॅन्सरचा प्रकार पक्का करणारी तपासणी) केलं असेल तर तेही
- बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड (ही खरी महत्त्वाची चीज, लॅबकडनं मागून घ्या, नवीन हॉस्पिटल स्वतः तपासतं)
- सीटी, पेट स्कॅन, नुसता रिपोर्ट नको, सीडी पण
- रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून
- आत्तापर्यंतची सगळी डिस्चार्ज कार्डं आणि औषधांच्या चिठ्ठ्या
- बीपी, शुगरच्या चालू गोळ्यांची यादी, आणि त्यात काढे, चूर्ण, आसव, जे काही चालू असेल ते पण
- आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन्हीच्या चार-चार झेरॉक्स, पासपोर्ट फोटो

मूळ कागद कुठल्याही काउंटरवर ठेवून यायचे नाहीत. मोबाईलमध्ये प्रत्येक पानाचा फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.

३. दुसरं मत घ्या, पण तीन-चार आठवडे त्यात घालवू नका

सोलापूरकरांचं एका बाबतीत नशीब चांगलं आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शी म्हणजे कॅन्सरच्या जगात बऱ्यापैकी नाव असलेलं गाव, देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथं १९८७ पासून चालू आहे. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शहरात सिव्हिल आहे, खासगीतही कॅन्सरचे डॉक्टर आहेत.

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सगळ्यांना माहितीच आहे. पण पेशंटला लगेच घेऊन पळू नका. आधी घरातला एकजण फाईल, स्लाईड, सीडी घेऊन गेला तरी बरंच काम होतं, आणि टाटाशी जोडलेली "नव्या" नावाची ऑनलाईन सेवा आहे, तिच्यावर रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं लेखी मत मागवता येतं. ज्या माणसाला खुर्चीतनं उठायला दोघं लागतात त्याला रात्रभर रेल्वेत बसवून परळच्या लाईनीत उभं करायचं, आणि तिथं तेच सांगणार जे इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी असते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलकडनं ठरलेल्या फॉर्मवर सही-शिक्का घ्यायचा आणि तिकीट काउंटरवर काढायचं.

४. डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

डॉक्टरकडे गर्दी असते, पाच मिनिटं मिळतात, आणि आपण त्यातली तीन मिनिटं "काय खायला द्यायचं" यात घालवतो. चिठ्ठीवर लिहून न्या:

- हा उपचार बरं करण्यासाठी आहे का आयुष्य वाढवण्यासाठी का त्रास कमी करण्यासाठी?
- उपचार घेतला तर साधारण किती काळ, नाही घेतला तर किती? (आकडा नको असेल तर "दिवस, आठवडे, महिने का वर्षं" असं विचारा, याचं उत्तर बहुतेक डॉक्टर देतात.)
- त्यातले किती दिवस हॉस्पिटलात जातील?
- केमोच्या दोन-तीन सायकलनंतर (फेऱ्यांनंतर) स्कॅन करून फायदा नसेल तर थांबवणार ना?
- पेशंट तुमचे वडील असते तर काय केलं असतं? (हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो, पण सगळ्यात खरं उत्तर यालाच मिळतं.)

एक ट्रॅप नीट समजून घ्या. "चाळीस टक्के लोकांना रिस्पॉन्स येतो" असं सांगितलं की आपल्या डोक्यात येतं की चाळीस टक्के लोक बरे होतात. तसं नसतं ओ. रिस्पॉन्स म्हणजे गाठ ठराविक प्रमाणात लहान झाली, एवढंच. गाठ लहान होऊनसुद्धा आयुष्य तेवढंच राहू शकतं. म्हणून "गाठ किती लहान होईल" हे नका विचारू, "माणूस किती जगेल आणि कसा जगेल" ते विचारा.

केमो नको म्हणणं हाही एक शहाणा निर्णय असू शकतो. माणूस फारच थकलेला असेल, दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असेल, तर बरेचदा केमोने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होतो आणि चांगले डॉक्टर स्वतःच तसं सांगतात. केमो नको म्हणणं वेगळं आणि डॉक्टरच नको म्हणणं वेगळं, याबद्दल खाली आठव्या मुद्द्यात लिहिलंय.

५. "नैसर्गिक" म्हणजे नक्की काय काय, ते वेगळं करा

नैसर्गिक या एकाच नावाखाली लोक काहीही घालतात. मी त्याचे तीन भाग करतो.

पहिला भाग, ज्याने बरं वाटतं आणि नुकसान नाही: हलकं मालिश, प्राणायाम झेपेल तेवढा, ध्यान, भजन, हरिपाठ, सिद्धेश्वराच्या तळ्यावर संध्याकाळी अर्धा तास बसणं, नाचणीची पेज, ताक. हे बिनधास्त करा, याला कुणाची परवानगी नको. (मालिश गाठीच्या जागेवर किंवा हाडात पसरलंय तिथं नको, एवढंच.)

दुसरा भाग, झाडपाला आणि औषधं, ज्यात खरोखर ताकद असते आणि म्हणूनच धोका पण असतो. आपल्या अंगणात सदाफुली असते बघा, जांभळी-पांढरी, उन्हाळ्यात सोलापुरात सगळं करपलं तरी ती फुलतेच. तिच्यातनंच व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोची औषधं काढलीत, आजही रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध "यू" नावाच्या झाडाच्या सालीतनं आलं. मॉर्फिन अफूतनं. म्हणजे ॲलोपॅथी केमिकल आणि आमचं नैसर्गिक, हे भांडणच मुळात लटकं आहे. पण हे वाचून कुणी सदाफुलीची पानं चघळायला लागू नका, तीच पानं विषारी आहेत, पानात किती औषध आलं आणि किती विष हे मोजायचं कसं? फॅक्टरीत ते मोजून, शुद्ध करून, शिरेतनं देतात.

गुळवेलीचंही तसंच. कोविडनंतर घरोघरी काढा झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद राहू दे बाजूला, पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच कॅन्सर आहे त्याने ही रिस्क कशाला घ्यायची? रसौषधींबद्दल (पारा, धातूंची भस्मं घातलेली औषधं) तर जास्तच जपा. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं होतं.

तिसरा भाग म्हणजे सरळसरळ फसवणूक. जर्दाळूच्या बिया "व्हिटॅमिन बी सतरा" म्हणून विकतात, ते व्हिटॅमिन नाहीच, पोटात गेल्यावर त्यातनं सायनाईड तयार होतं. लक्ष्मणफळाचे मेसेज तर तुम्हाला दर महिन्याला येत असतील, केमोपेक्षा दहा हजार पट ताकद वगैरे. ते काचेच्या बशीतल्या पेशींवरचं काम आहे, माणसांत त्याने कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. बशीत ओतलं तर फिनेलनेसुद्धा पेशी मरतात की.

एक अभ्यास इथं सांगायला पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेत २८१ पेशंट बघितले, ज्यांचा कॅन्सर पसरलेला नव्हता आणि ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीच्या वर. म्हणजे जो बरा होणारा कॅन्सर आहे तिथं हा जुगार खेळूच नका. मात्र हे आकडे बऱ्या होणाऱ्या कॅन्सरचे आहेत. जिथं बरं होणं नाहीच, तिथं केमो न घेतल्याने जे जातं ते कमी असतं, आणि निवडायला मोकळीक जास्त असते. म्हणून तर पहिला मुद्दा पहिला ठेवला.

६. वैद्याकडे जायचं असेल तर असं तपासा

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातनंही लोक गेले. पण दुकानात चादर घेताना आपण पन्ना मोजतो, सूत बोटात धरून बघतो, मगच भाव विचारतो, तेवढी तरी चौकशी इथं करा.

विचारायचं: तुमची डिग्री काय, रजिस्ट्रेशन नंबर काय? औषधात काय काय आहे, लिहून देता का? बिल देता का? हाच आजार, हीच स्टेज असलेले आधीचे पेशंट, त्यांचे बायोप्सी रिपोर्ट बघायला मिळतील का? (नुसतं "सांगोल्याचा एक पेशंट" चालणार नाही, सांगोल्याचा पेशंट कधीच भेटत नसतो.)

उठून यायच्या खुणा:

- "शंभर टक्के गॅरंटी"
- "केमो, गोळ्या सगळं बंद केलं तरच आमचं औषध लागू पडतं"
- पूर्ण कोर्सचे पैसे आधी, कॅशमध्ये
- पुडीवर नाव नाही, तारीख नाही
- त्रास वाढला तर "विष बाहेर पडतंय", माणूस गेला तर "तुम्ही पथ्य पाळलं नाही"

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हा आपल्याकडे कायद्यानेच गुन्हा आहे, १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा त्यासाठीच आहे. त्यामुळे भिंतीवर, रिक्षामागं, यूट्यूबवर जो छातीठोकपणे "कॅन्सर मुळापासून" लिहितो तो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

खरा वैद्य ओळखायची एक खूण मला एका बीएएमएस डॉक्टरांनीच सांगितली. चरकसंहितेत रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य (बरा होत नाही पण आटोक्यात राहतो), असाध्य असे भाग केलेत, आणि असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याचा पैसा, विद्या, यश सगळं जातं असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे जो "हे बरं होणार नाही, पण भूक आणि झोप थोडी सुधारू" म्हणतो तो शास्त्राला धरून बोलतोय.

अजून एक. पुडी सुरू केली आणि चार दिवसांत भूक लागली, अंगात ताकद आली, चेहरा भरला, असं झालं तर आनंदाच्या आधी शुगर तपासा. काही भेसळवाले पावडरमध्ये स्टेरॉईड घालतात, त्याने असंच होतं. चेहरा भरलेला नसतो, सुजलेला असतो. आणि असं काही आढळलं तर पुडी स्वतःच्या मनाने झटकन बंद करू नका, स्टेरॉईड एकदम तोडलं की दुसराच प्रॉब्लेम होतो, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

७. दोन्ही एकत्र चालवायचं तर

बहुतेक घरांत शेवटी हेच होतं, आणि चोरून होतं. चोरून करू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना पुड्या, बाटल्या दाखवा. ते ओरडतील, ओरडू दे. त्यांना माहीत नसेल आणि लिव्हरचे आकडे चढले तर ते केमोला दोष देऊन केमो थांबवतील, आणि खरं कारण तुमच्या कपाटात असेल.

एवढं पाळा. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल (भाजीतली हळद नव्हे) रक्त पातळ करू शकतात, प्लेटलेट कमी असताना नकोच. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुराचा रस, कच्चे ज्यूस, रस्त्यावरचा उसाचा रस बंद, त्यातनं इन्फेक्शन होतं. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर काढा नाही, क्रोसीन देऊन वाट बघणं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

आणि उपास. "साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो", "सात दिवस फक्त ज्यूस". कॅन्सर नाही मरत, माणूस वाळतो. या पेशंटचं वजन आधीच उतरत असतं. आप्पांना तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणीच पाहिजे असायची, आणि तोंडात फोड आलेले, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यातनं पाणी. मग आईने चटणीत मिरची वगळून नुसते शेंगदाणे, जिरे, मीठ, किंचित गूळ असं कुटलं, भाकरी चुरून ताकात भिजवून त्यावर ती चटणी. ते खायचे. रोज वाटीभर. पोषणाच्या दृष्टीने शेंगदाण्यात प्रोटीन, चरबी दोन्ही आलं, आणि माणसाला वाटलं आपण आपलं जेवण जेवलो. महागड्या प्रोटीन पावडरचा डबा निम्मा तसाच राहिला.

८. पॅलिएटिव्ह केअर: हा रस्ता कुणी सांगत नाही, तुम्हीच मागा

सगळं घर केमो का काढा यावर भांडतं आणि पेशंट मधे दुखण्याने तळमळत पडलेला असतो. दुखणं, धाप, उलटी, बद्धकोष्ठता, झोप, भीती, यांच्यावर उपचार करणारी वेगळी शाखा आहे, पॅलिएटिव्ह केअर. "आता काही करता येत नाही" असं जेव्हा सांगतात तेव्हासुद्धा हिच्याकडे करण्यासारखं भरपूर असतं. केमो घेत असाल तरी ही घ्या, फक्त आयुर्वेद घेत असाल तरी ही घ्या, काहीच घेत नसाल तर नक्कीच घ्या.

ही शेवटच्या आठवड्यात बोलवायची गोष्ट नाही. २०१० मध्ये अमेरिकेत पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली ते साधारण ११.६ महिने जगले, ज्यांना नेहमीचेच उपचार दिले ते ८.९ महिने, आणि पहिल्या गटाला शेवटी शेवटी केमोचा मारा कमी झाला होता.

मॉर्फिनबद्दल आपल्या लोकांच्या डोक्यात फार गैरसमज आहेत. "एकदा मॉर्फिन लागलं की संपलं", "सवय लागते", "त्यानेच माणूस जातो". दुखण्यासाठी, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने असं होत नाही. गोळी तोंडाने घेता येते, आणि थोड्या डोसात धापेवरही उपयोगी पडते. अडचण वेगळीच आहे, ती प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून मिळणं सोपं केलं, तरी बहुतेक करून मान्यता असलेल्या हॉस्पिटलांतूनच मिळते. म्हणून सिव्हिल असो, बार्शी असो नाहीतर खासगी, पहिल्याच भेटीत विचारा: "तुमच्याकडे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन मिळतं का? नसेल तर कुठून आणायचं?"

सुरू केल्यावर:

- गोळी घड्याळाप्रमाणे, दुखायची वाट बघून नाही. आमच्याकडे भिंतीवर वेळांचा कागद चिकटवला होता आणि गोळी दिली की आई बरोबरची खूण करायची.
- पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून. बद्धकोष्ठता होतेच होते, आणि लोक दुखण्यापेक्षा तिलाच जास्त वैतागतात.
- पहिले काही दिवस मळमळ, गुंगी येते, बहुतेकांची कमी होते. फारच गुंगी, श्वास मंद वाटला तर लगेच फोन करा.
- फेंटॅनिलची पट्टी (मॉर्फिनसारखंच दुखण्याचं औषध, कातडीवर चिकटवायचं) लावली असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, मे महिन्यात पत्र्याखाली झोपवायचं नाही. उष्णतेने पट्टीतलं औषध भराभर अंगात जातं.

धापेसाठी एक बिनपैशाचा उपाय, छोटा पंखा थेट चेहऱ्यावर, नाकागालाला वारं लागेल असा. यावर अभ्यास झालेत आणि खरंच फरक पडतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतनं ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन) भाड्याने आणला असेल तर लाईट गेल्यावर काय, ते आधी ठरवा, एक छोटा सिलिंडर घरात हवाच.

घरी अजिबात झेपत नसेल तर पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथं पैसे घेत नाहीत आणि घरच्या माणसालाही सोबत ठेवून सगळं शिकवतात. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, देशातला पहिला हॉस्पिस (शेवटच्या दिवसांत पेशंटला सांभाळणारी जागा). जाण्याआधी फोन करून जागा आहे का ते विचारा.

९. पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, आणि केमो, रेडिएशनची बरीच पॅकेजेस त्यात बसतात. रेशन कार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या (योजनेचा तिथं बसणारा माणूस) टेबलावर जायचं. टोल फ्री नंबर १५५३८८.

ट्रॅप असा: ॲडमिट व्हायच्या आधी मंजुरी घ्यायची असते. आधी पैसे भरले आणि मग योजना आठवली तर ते पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. एका ठिकाणी आम्हाला "योजना बंद आहे" असं काउंटरवरच सांगितलं, टोल फ्रीला फोन लावला तेव्हा चालू निघाली. रेशन कार्डावर पेशंटचं नाव आहे का, आधारवरच्या स्पेलिंगशी जुळतं का, हे आजच बघा. त्याउपर मुख्यमंत्री सहायता निधी आहे, मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा विभाग असतो तिथं अर्ज भरून देतात.

आणि कर्जाबद्दल माझं स्पष्ट मत. बरं करणाऱ्या उपचारासाठी कर्ज काढावं लागलं तर समजू शकतो. दोन महिने वाढतील न वाढतील अशा इंजेक्शनसाठी किंवा गॅरंटीच्या पुडीसाठी घर गहाण टाकू नका. पेशंटला विचारून बघा, तोच पहिला नको म्हणेल.

१०. निर्णय कुणाचा?

पेशंटचा. आपल्याकडे मोठा मुलगा, जावई, मामा असे सगळे बाहेर कॉरिडॉरमध्ये ठरवतात आणि आत पेशंटला "अल्सर आहे, बरं होईल" सांगतात. त्याला सगळं कळलेलं असतं हो, तो आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतो. सगळं एकदम ओतू नका. "रिपोर्टबद्दल किती सांगू तुम्हाला?" असं विचारा, तो जेवढं मागेल तेवढं सांगा. आप्पा म्हणाले होते, "आकडे नको सांगू, पण नाकात नळ्या घालून ठेवू नका." एवढ्या एका वाक्यावर पुढचे सगळे निर्णय सोपे झाले, फोन करणाऱ्या नातेवाईकांनाही तेच सांगायचं, आप्पांचं असं म्हणणं आहे, संपलं.

हे म्हणणं कागदावर आणायचं असेल तर लिव्हिंग विल करता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. माणूस सज्ञान आणि शुद्धीत पाहिजे, दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्यावतीने कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक फाईलमध्ये सगळ्यात वर.

११. घरीच ठेवायचं ठरलं तर

फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा की माणूस घरीच दगावू शकतो, तुम्ही येऊन मृत्यूचं सर्टिफिकेट द्याल ना? त्यांनी मधून मधून पेशंट बघितलेला पाहिजे, नाहीतर ऐनवेळी सही द्यायला कुणी तयार होत नाही आणि रात्री सिव्हिलला न्यायची वेळ येते. त्या सर्टिफिकेटवर महापालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची, उशीर झाला की दंड आणि हेलपाटे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, बँक, एलआयसी, पेन्शन, रेशन कार्ड सगळीकडे लागतात. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवू नका, जिथून आणलं तिथं मोजून परत द्या. कॉन्सन्ट्रेटरच्या डिपॉझिटची पावती फाईलमध्येच ठेवा, पावती नसली तर डिपॉझिट परत देत नाहीत.